अकरा फूट

आमची वाफेची खोली, आम्ही सौना म्हणतो तिला,
हद्दीपासून अकरा फुटांवर होती.
काउंटीच्या पुस्तकात पंधरा.
चार फुटांपायी मार्चमध्ये पाडावी लागली.
अर्वोच्या आजोबांनी ओंडक्यात ओंडका अडकवून
एकही खिळा न मारता उभी केलेली.
तपासनीस भला माणूस.
पाडताना टोपी काढून उभा राहिला,
मग पावती दिली.

त्या पावतीच्या पाठीवरच अर्वोनं
पहिल्यांदा लिहिलं : पॅराग्वे.

आता दर गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात सातजण.
बाहेर बर्फ खिडकीच्या कमरेपर्यंत,
आत टेबलावर चाकोचा नकाशा,
कोपरे उडू नयेत म्हणून तीन मग आणि माझा चष्मा.
आठ हजार एकर काटेरी झुडपं,
आणि एक नदी, जी वर्षातले पाच महिने नदी असते.
कर नाही. परवाना नाही. शिक्का नाही.
डेल कोस्किनेन हे असं म्हणतो
जसं त्याची आई जेवणाआधी डोळे मिटून म्हणायची.

मला हसू येत नाही.
मीही चाळीस वर्षं फॉर्म भरलेत,
कुत्र्याचा, होडीचा, मासे धरण्याचा,
आईला पुरण्याचा.
सकाळी उठावं, कुणाला न विचारता
चार भिंती उभ्या कराव्यात,
हे माझ्याही हाडात आहे.
थंडीत दुखतं, म्हणून माहीत.

पण काल विहिरीचं निघालं.
विहीर एक, घरं सात.
ज्याला लागेल तेवढं त्यानं घ्यावं, बर्निस म्हणाली.
आणि पाऊस नाही झाला तर?
समजुतीनं.
आणि समजूत आटली तर?
मग कुणी म्हणालं, वेळा ठरवू.
कुणी म्हणालं, वेळा पाळतात का ते एकानं बघावं.
एकानं म्हणजे कुणी?
डेलच्या कानटोपीत चिठ्ठ्या टाकल्या.
नाव निघालं रॉस्को पेल्कीचं,
ज्यानं उसना नेलेला करवत अजून आणून दिलेला नाही.
रॉस्को खुर्चीत जरा ताठ बसला.
मी बघत होते. इतक्या वर्षांत प्रथमच
त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं.
"पगार नको," म्हणाला,
"फक्त एक वही लागेल."

पहाटे पाचला काउंटीचा बर्फनांगर येतो.
पिवळा दिवा आमच्या छतावरून
सावकाश, काही शोधत असल्यासारखा फिरतो.
चालवते लॉर्ना. तीन मुलं, एक गुडघा निकामी.
आमच्या फाटकाशी आली की ती पातं
वीतभर उचलते,
म्हणजे ढीग आमच्या दारात पडत नाही.
हे पुस्तकात नाही.
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
पगार आमच्या करातून जातो, मान्य,
पण ती वीत?
ती कुणाच्या खात्यात लिहायची?

अर्वो जागा आहे. श्वासावरून कळतं.
"चाकोत बर्फ नाही," तो अंधाराला सांगतो.
नाही, मी म्हणते.
"ओंडके नेता येतील. सगळ्यांवर खडूनं आकडे घातलेत मी."
ताडपत्रीखाली, गोठ्याच्या मागे,
त्याचे आजोबा एक ते एकशे बारा.
चाळीस अंशांच्या उन्हात सौना?
"संध्याकाळी," तो म्हणतो.
"आणि मनात येईल तिथं."

दिवा भिंतीवरून सरकत सरकत गेला.
रस्ता मोकळा झाल्याचा तो
खरवडल्यासारखा आवाज लांब पोचला, वळणाच्या पलीकडे.
मला वाटलं, झोप लागली त्याला.

"विहिरीपासून लांब मात्र," अर्वो म्हणाला,
"राख असते, साबणाचं पाणी असतं.
वीस फूट तरी हवेत."